बोटीचे जनेल

समुद्रापासून शेकडो मैल दूर, कोरड्या जमिनीवर सारा जन्म काढलेल्या माणसाने बोटीच्या खिडकीला मराठीत काय म्हणावे या विवंचनेत आठवडाभर झोप घालवावी, ही गोष्ट ऐकणाऱ्याला हास्यास्पद वाटेल. आमच्या घरातही ती तशीच वाटली. परंतु विवंचना खरी होती, आणि तिचे मूळ भाषेत कमी व आमच्याच एका जुन्या आगळिकीत अधिक होते.

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात आणि गल्लीत सगळे अण्णा म्हणत, ते २०१९ साली गेले. १९७३ ते १९८१ अशी आठ वर्षे ते मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत फिटर होते. त्या काळात त्यांनी घरी धाडलेली पत्रे आईने पत्र्याच्या एका डब्यात जपून ठेवली, आणि आईच्या पश्चात तो डबा आमच्याकडे आला. यंदा त्यांच्या मुलीने पुण्याहून फोन केला. "काका, बाबांचं अक्षर तुम्हालाच लागतं. सगळी पत्रं टाइप करून द्या ना, पुढच्या पिढीला राहतील." पत्रे ४३. आम्ही आयुष्यभर मराठी शिकवलेले, निवृत्तीमुळे वेळ मुबलक. काम आनंदाने पत्करले. तिसऱ्याच पत्रात तो शब्द आला आणि आमची बोटे थांबली. शब्द होता 'जनेल'.

शब्द आम्हाला अपरिचित नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी आम्हीच तो खोडला होता.

बोटीच्या खिडकीशी आमची पहिली ओळख मात्र त्याहून जुनी, आणि ती महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांची होते तशीच झाली. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात 'मोरिया' बोटीच्या शौचकूपाच्या खिडकीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, हे आम्हाला चौथीच्या वर्गात कळले. पुढे हे प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ ला त्याचा निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला, इत्यादी तपशील पुष्कळ नंतरचे. वर्गात आम्हाला पडलेला प्रश्न निराळाच होता. आम्हाला ठाऊक असलेली खिडकी म्हणजे मिलच्या चाळीतली. लाकडी चौकट, तिच्यात उभे लोखंडी गज, आणि गजांतून हातसुद्धा कोपरापर्यंतच जाणार. त्यातून माणूस निसटला कसा? गुरुजींनी फळ्यावर खडूने एक वर्तुळ काढले. "ही अशी असते. गोल. गज नसतात. काच असते. म्हणतात पोर्टहोल." मागच्या बाकावरून कुणी तरी विचारले, "गोल का असते?" गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पाण्याला कोपरा आवडत नाही."

हे उत्तर आम्हाला तेव्हा टोलवाटोलवीचे वाटले. पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की गुरुजी फारसे चुकले नव्हते. पत्र्याला चौकोनी भोक पाडले की ताण कोपऱ्यांत साठतो आणि भेग तिथूनच निघते. दुसऱ्या महायुद्धात घाईने बांधलेल्या 'लिबर्टी' जहाजांच्या डेकवरील चौकोनी हॅचच्या कोपऱ्यांतून अशा भेगा निघाल्या होत्या. वर्तुळाला कोपराच नाही, त्यामुळे ताण सगळीकडे वाटला जातो.

सोलापूरचा समुद्राशी संबंध काय, असे कोणी विचारले तर गावकरी म्हणून आम्ही दोन नावे घेतो. एक वालचंद हिराचंद. जन्म १८८२, सोलापूर. त्यांनी आणि नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी १९१९ साली सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. नरोत्तम यांचे वडील मोरारजी गोकुळदास म्हणजे आमच्या गावातल्या जुन्या मिलचे संस्थापक. तेव्हा देशी जहाजधंद्याच्या आरंभी सोलापूरचा धागा असा दोन बाजूंनी विणलेला आहे. कंपनीची पहिली बोट 'लॉयल्टी'. मूळची ती 'एम्प्रेस ऑफ इंडिया', १८९१ मधली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे ती महायुद्धात इस्पितळ म्हणून होती, त्यांच्याकडून घेतलेली. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून विलायतेकडे निघाली, आणि त्या तारखेला आज राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. दुसरे नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१०, सोलापूर. १९३८ च्या सप्टेंबरात भारतीय वैद्यकीय पथकातून ते बोटीने चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. वय बत्तीस. त्यांचे घर आज स्मारक म्हणून गावात आहे. तिथे गेलो की आम्हाला दरवेळी वाटते, या माणसाने मुंबईचा किनारा शेवटचा पाहिला तो डेकवरून की खोलीतल्या गोल काचेतून? कुठे लिहिलेले नाही. पण घरी थांबलेल्यांच्या मनात असले प्रश्न येतातच.

अण्णा मात्र ना धंद्यासाठी समुद्रावर गेले ना ध्येयासाठी. १९७२ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्ह्याचे कंबरडे मोडले होते. वडील एका मिलच्या विणकाम खात्यात होते, खोकल्याने बेजार. अण्णांचे फिटरचे शिक्षण झालेले, हाताला काम नाही. ओळखीतून मुंबईची खटपट झाली आणि १९७३ च्या पावसाळ्यानंतर ते बोटीवर चढले. दुष्काळातून उठलेला माणूस, ज्याने उभ्या आयुष्यात सिद्धेश्वर तलावाहून मोठे पाणी पाहिले नव्हते, तो एकदम आफ्रिकेला वळसा घालून युरोपला निघाला. वळसा अशासाठी, की सुएझ कालवा १९६७ पासून बंद होता आणि १९७५ च्या जूनपर्यंत तो उघडला नाही. बोटी केप ऑफ गुड होपवरून जात. तिथला समुद्र चांगला नसतो.

पत्रे आली की वाचण्याचे काम आमच्याकडे. आईला वाचता येत नसे. संध्याकाळी भाकरी थापताना ती ऐके, आणि मधून प्रश्न विचारी. ज्या पत्रात 'जनेल' पहिल्यांदा आले, ते असे होते: अण्णांची खोली दोघांची, सोबती मडगावकडचा एक वयस्कर खलाशी, खोलीला एक 'जनेल' आहे. गोव्याकडे खिडकीला जनेल म्हणतात, हे अण्णांनीच कंसात लिहिले होते. आई म्हणाली, "खिडकी हाय म्हण की." आणि मग, परातीतला हात न थांबवता, "उघडती का रं ती?"

हा प्रश्न तिच्या तोंडी का आला हे समजायला मिलचे विणकाम खाते पाहिलेले हवे. सूत कोरडे पडले की तुटते. सोलापूरची हवा कोरडी. म्हणून मागाच्या शेडमध्ये ओल धरून ठेवत आणि खिडक्या बंद ठेवत. माणसापेक्षा सुताची काळजी अधिक. वडिलांच्या छातीत जे बसले होते ते त्या बंद खिडक्यांआडचे बसले होते, असे आईचे ठाम मत होते, आणि ते चूक होते असे आम्हाला वाटत नाही. तिच्या लेखी खिडकी दोनच प्रकारची. उघडणारी आणि न उघडणारी.

पत्रात पुढेच लिहिले होते, जनेल उघडत नाही, काच पक्की बसवलेली आहे. आम्ही ती ओळ पाहिली आणि म्हणालो, "हो, उघडते की."

असे का म्हणालो? तिला बरे वाटावे म्हणून. दुसरे काही नाही. विसाव्या वर्षी अशा गोष्टी तोंडातून सहज जातात.

केपच्या फेरीचे पत्र १९७४ मधले. वादळ लागले आणि खोल्यांतल्या खिडक्यांवरची लोखंडी झाकणे बंद करण्याचा हुकूम झाला. हे झाकण काचेच्या आतल्या बाजूला बिजागरीवर लावलेले असते. ते काचेवर ओढून पितळी नटांनी आवळून टाकतात, म्हणजे लाटेने काच फुटली तरी पाणी आत येणार नाही. इंग्रजीत त्याला डेडलाइट म्हणतात, मेलेला उजेड. अण्णांनी लिहिले होते, जनेल आठ दिवस आवळलेले आहे, दिवस की रात्र ते जेवणाच्या घंटेवरून कळते, दिवा चोवीस तास जळतो, सोबती जपमाळ सोडत नाही. पुढे एक ओळ, की बिजागरी रात्रभर कुरकुरते आणि तिला तेल घालावे असे वाटते, पण झाकणाला हात लावायची भीती वाटते. आईला आम्ही त्या दिवशी वाचून दाखवले, की पाऊस फार आहे.

आता आमची आगळीक. १९७५-७६ साली आम्ही मराठी घेऊन बी.ए. करत होतो आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे विद्यार्थी-संपादक होतो. त्या वयातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना भाषाशुद्धीचा ज्वर एकदा तरी येतो. ज्या सावरकरांनी बोटीच्या खिडकीतून उडी घेतली त्यांनीच पुढे महापौर, दिग्दर्शक असे शब्द मराठीला दिले, याचे आम्हाला भारी अप्रूप होते. अण्णांची पत्रे 'सागरावरून' या मथळ्याखाली अंकात छापायचे ठरवले आणि आम्ही तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. 'जनेल' दिसेल तिथे खोडले. पोर्तुगीज शब्द, तोही गोव्याच्या खलाशाच्या तोंडचा. अंकात कसा चालणार? जागी लिहिले 'गवाक्ष'. डेडलाइटला प्रतिशब्द सुचेना, तेव्हा ते वाक्यच काढले. 'जनेल आठ दिवस आवळलेले आहे' याचे आम्ही केले, 'गवाक्षाने आठ दिवस नेत्र मिटले आहेत.' या वाक्यावर आम्ही इतके खूश होतो की दोन मित्रांना चहा पाजून ते वाचून दाखवले होते.

आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर 'गवाक्ष' हा शब्द अजूनही मोह पाडतो. गो आणि अक्ष, बैलाचा डोळा. अमरकोशात तो 'वातायना'च्या शेजारी बसला आहे. लेण्यांच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालेसारखी जी कमान असते, तिला कलेचे अभ्यासक चैत्यगवाक्ष म्हणतात. म्हणजे गोलाई शब्दातच आहे. गंमत अशी, की फ्रेंचांनीही वाटोळ्या खिडकीला बैलाचा डोळाच म्हटले आणि इंग्रजांनीही. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट, तर इंग्रजीतला विंडो हा जुन्या नॉर्स भाषेतल्या 'वाऱ्याचा डोळा' या अर्थाच्या शब्दातून आलेला. डोळा आणि वारा, खिडकी म्हटले की माणसाला जगभर हीच दोन सुचली असावीत. पण अण्णांच्या खिडकीत वारा नव्हता. आणि आठ दिवस डोळाही नव्हता.

पोर्टहोलचे कूळ निराळे आहे. त्यातला 'पोर्ट' बंदराचा नव्हे, दाराचा. लॅटिन 'पोर्ता', दार. जहाजाच्या कुशीत तोफांसाठी जी झडपदार भोके ठेवत त्यांना हे नाव होते. ब्रेस्टच्या देशार्ज नावाच्या एका फ्रेंच कारागिराने १५०१ च्या सुमारास ती काढली असे परंपरेने सांगतात. पुढे तोफा गेल्या, भोके लहान आणि गोल झाली, त्यांत काच आली, नाव तेच राहिले. जहाजबांधणीच्या नियमांत मात्र तिला 'साइड स्कटल' म्हणतात आणि तिची मापे ठरलेली असतात, आरपार २०० ते ४५० मिलिमीटर. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा करारानुसार मुख्य डेकखालच्या अशा खिडकीला आतून बिजागरीचे झाकण सक्तीचे आहे, आणि तिचा खालचा काठ भाररेषेच्या किमान ५०० मिलिमीटर वर हवा. जहाज फार रुंद असेल तर आणखी वर. हा आकडा आम्ही अलीकडे वाचला. अर्धा मीटर. अण्णांची खोली नेमकी किती खाली होती ते पत्रांत नाही, पण 'पाणी जनेलाला थापटते' असे दोन ठिकाणी आहे.

इंग्रजी शब्दाचा हा उगम कळला तेव्हा आम्हाला एकदम गावातली एक वस्तू आठवली. आमच्या भुईकोट किल्ल्याच्या तटात बंदुकांसाठी ठेवलेली भोके आहेत, बाहेरच्या अंगाला खाली उतरती. मराठीत त्यांना जंग्या म्हणतात. किल्ल्याच्या एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. लहानपणी अण्णा आणि आम्ही गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत किल्ल्यात जात असू, आणि अण्णा जंगीला डोळा लावून सांगत, पाणी दिसते, देऊळ दिसते, पाण्यात देऊळ हलते. भिंत, भिंतीला भोक, भोकापलीकडे पाणी. तोफेच्या भोकावरून पोर्टहोल झाले असेल तर बंदुकीच्या भोकावरून बोटीच्या खिडकीला जंगी म्हणायला काय हरकत आहे? व्युत्पत्तीच्या न्यायाने हा प्रतिशब्द गवाक्षापेक्षा कितीतरी जवळचा. एक दिवस आम्ही या शोधावर फुशारलो होतो. पण हे नाव बोटीवर कोणी ऐकलेलेच नाही. कोणी उच्चारलेलाच नसेल तर तो शब्द कोशात शोभून दिसेल, पत्रात नव्हे.

खरे तर मराठीला समुद्राचे शब्द कमी नाहीत. सुकाणू, नांगर, शीड, डोलकाठी, वल्हे, गलबत, गुराब, तांडेल असे शब्द कोकणपट्टीने केव्हाच घडवून ठेवले आहेत, आणि त्यांतले सुकाणूसारखे काही आम्ही घाटावरचे लोक समुद्र न पाहताही राजकारणाच्या लेखांत वापरतो. परंतु हे शब्द शिडाच्या, लाकडाच्या जहाजांचे. लोखंडी बोटीच्या पोटात काच लावून राहण्याची पाळी मराठी माणसावर आली ती खलाशी, फायरमन, फिटर म्हणून, आणि तेव्हा जो शब्द शेजारच्या बाकड्यावर मिळाला तो त्याने घेतला. अण्णांना शेजारच्या बाकड्यावर गोवा मिळाला.

अण्णा १९७६ च्या उन्हाळ्यात रजेवर आले. पहिल्या संध्याकाळी आईने त्यांना समोर बसवून विचारले, "खिडकी उघडती न्हवं रं तुझी?" अण्णांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही जमिनीकडे. अण्णा म्हणाले, "उघडती की. वारं लई येतंय. रात्री पांघरूण लागतंय." आई समाधानाने उठली.

अंक आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने दिला. त्यांनी तो ओट्यावर बसून सावकाश वाचला. मिटून ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "चांगलं लिहिलंयस की."

"आम्ही कुठे, पत्रं तुमचीच आहेत."

"माझी न्हाईत ही. माझ्या जनेलाला तू देवळात नेऊन बसवलास." आणि थोड्या वेळाने, "नेत्र मिटले म्हणजे काय? मिटलेला डोळा आपला आपण उघडता येतो. ते आम्हाला पान्यानं आवळावं लागलं होतं."

त्यांनी यापुढे कधी हा विषय काढला नाही. पण त्यानंतरच्या पत्रांत जनेल हा शब्द कुठेच नाही. वादळ नाही, सोबती नाही, खोली नाही. बंदराचे नाव, हवा बरी आहे, पैसे पाठवले आहेत, आईची काळजी घे. ४३ पत्रांपैकी शेवटची २६ अशी आहेत. हे आम्हाला आत्ता, टाइप करताना, एकापाठोपाठ एक पाहून लक्षात आले. तेव्हा आम्हाला वाटले होते की माणूस कामाला सरावला, की त्याला लिहिण्यासारखे काही उरत नाही.

आता थोडे त्या तांबड्या पेन्सिलीविषयी. अंकाची प्रत डब्यातच होती, म्हणून मूळ पत्र आणि छापील मजकूर शेजारी ठेवून पाहिला. जनेल आम्ही खोडले. पण 'बिजागरी' जशीच्या तशी ठेवली होती. तिच्याविषयी शंकाही आली नव्हती, इतकी ती मराठमोळी वाटत होती. बिजागरी म्हणजे पोर्तुगीज 'बिसाग्रा'. चावी पोर्तुगीज. अण्णा ज्यासाठी घर सोडून गेले तो पगार पोर्तुगीज. आम्ही ज्या पावाबरोबर मित्रांना तो चहा पाजला तो पावही. म्हणजे दाराखिडक्यांची बिजागरी आणि चावी ज्या भाषेतून मराठीने बिनबोभाट घेतली, तिच्याच खिडकीला आम्ही परकी ठरवून हाकलले. जनेल हे त्यांचे 'जानेला', आणि त्याचे मूळ लॅटिनमधील दाराच्या 'यानुआ' या शब्दात. पोर्टहोलही दार, जनेलही दार. आमचेच दार लागलेले होते.

बरे, खिडकी तरी कुणा एकट्याची आहे काय? आमच्या चाळीत शेजारी पद्मशाली विणकर, त्यांच्या तेलुगूत ती किटिकी. पलीकडे कानडी घर, तिथे किटकी. खालच्या मजल्यावर दख्खनी बोलणारे, त्यांची खिडकीच. सोलापुरात चार भाषांचे लोक एकाच शब्दातून बाहेर डोकावतात, आणि शब्द कुणाचा यावरून भांडण झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तावदान तर फारसी ताबदानावरून आलेले. हे सगळे आम्हाला विसाव्या वर्षी माहीत असते तरी पेन्सिल थांबली असती का, याची खात्री देता येत नाही. गवाक्ष हा शब्द चूक होता असेही आमचे म्हणणे नाही. एखाद्या कवीने तो बोटीला लावला तर आम्ही दाद देऊ. प्रश्न इतकाच, की ज्या माणसाने त्या काचेमागे आठ दिवस दिव्याच्या उजेडात काढले, त्याला तो विचारून लावला होता काय?

अण्णा १९८१ साली बोट सोडून आले, गावात लेथ टाकला, संसार केला. १९८४ साली आई गेली. शेवटच्या आजारात तिची खाट खिडकीशी होती, आणि ती मधूनच म्हणे, थोरल्याच्या बोटीला पण अशीच होती, वारं येणारी. अण्णा उशाशी बसलेले असत आणि हूं म्हणत.

पुतणीला पहिली १७ पत्रे पाठवली आहेत. जनेल होते तिथे जनेल ठेवले आहे, कंसातील अण्णांचा खुलासाही. संगणक त्या शब्दाखाली दरवेळी तांबडी रेघ ओढतो. ती रेघ पाहून जुन्या पेन्सिलीची आठवण होते आणि थोडे ओशाळायला होते. पुतणीचा लगेच फोन आला. "काका, बाबा आजीला सांगायचे खिडकी उघडायची म्हणून. इथे तर लिहिलंय उघडत नाही. नक्की काय?" आम्ही म्हणालो, पत्रात आहे ते खरे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, मग आजीला कुणी सांगितलं? आम्ही ते सांगितले. तिने रागावून काही म्हटले नाही. उरलेली पत्रे लवकर पाठवा, इतकेच म्हणाली.

उरलेल्या २६ मध्ये काम फारसे नाही. एक पत्र मात्र अडून राहिले आहे. १९७९ मधले, अँटवर्पहून टाकलेले. घडीवर शाई पुसली गेली आहे आणि एका ओळीत फक्त 'ज' आणि शेवटचा 'ल' लागतो. मधले भिंगाखालीही दिसत नाही. पुढे स्वच्छ वाचता येते, 'आज उघडले'. तो शब्द जनेल असू शकतो. बोट बदलली असेल, या बोटीवरची खिडकी उघडत असेल. किंवा मधले अक्षर आम्हाला वाटते त्याहून रुंद असेल आणि शब्द दुसराच असेल. आम्ही तिथे तीन टिंबे ठेवली आहेत.